न झालेल्या व्यवहाराची पावती

गेल्या मे महिन्यात केज तालुक्यातील एका गावी बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या प्रतिनिधीच्या, दुकानात बसले असताना एका वयस्कर बाईंनी माझ्या हातात एक कोरा कागद ठेवला. दुकान म्हणजे रस्त्यालगतची पत्र्याची खोली. एका बाजूला झेरॉक्सचे यंत्र, मोबाईलची कव्हरे आणि लग्नपत्रिकांचे नमुने. दुसऱ्या बाजूला टेबलावर अंगठा घेणारे छोटे यंत्र, बँक मित्राचा मोबाईल आणि तळहाताएवढा प्रिंटर. बाहेरचे ऊन पत्र्यातून थेट डोक्यावर उतरत होते. बाईंनी कमरेला खोचलेली कापडी पिशवी सोडली, तिच्यातून प्लास्टिकचे पाकीट काढले, पाकिटातून आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक असे एकेक बाजूला ठेवले आणि सर्वांत शेवटी आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर एकही अक्षर नव्हते. उजेडात तिरकी धरली तेव्हा वरच्या कडेला काही करड्या रेघा असल्याचा भास झाला, इतकेच. ‘महे दोन हजार ह्याच्यातच हायेत, ताई,’ त्या म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर, ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी, त्या तालुक्याच्या गावी दुसऱ्याच एका केंद्रावर पैसे काढायला गेल्या होत्या. अंगठा लवकर उमटला नाही. अखेर उमटला, यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली, पण पैसे आले नाहीत. केंद्रचालकाने सांगितले, खात्यातून गेले असतील तर परत येतील, आठ दिवसांनी या. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचा ट्रक निघाला. मग ती चिठ्ठी त्यांच्याबरोबर कारखान्याच्या परिसरातील कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, राहिली, या फडातून त्या फडात फिरली आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परत आली. असल्या चिठ्ठीवर शाईने छापलेले काही नसते. कागदावरच रसायनाचा पातळ थर असतो, प्रिंटरची उष्णता लागली की तो तेवढ्या जागी काळा पडतो, आणि ऊन, तेल किंवा प्लास्टिकमधील द्रव्ये लागली की ती अक्षरे हळूहळू उडून जातात. बाईंनी घामापासून आणि पावसापासून वाचावी म्हणून ती प्लास्टिकमध्ये ठेवली होती.

जपल्यामुळेच ती पुसली गेली होती.

वित्त-तंत्रज्ञानाच्या एका लहान कंपनीत प्रॉडक्ट डिझाइन आणि धोरण या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. कार्यालय छत्रपती संभाजीनगरात, आणि काम मराठवाड्यातील गावोगावच्या बँक मित्रांसाठी अॅप आणि यंत्रव्यवस्था बनवण्याचे. त्या बाईंची चिठ्ठी आमच्या यंत्रातील नव्हती. पण आमच्या यंत्रातून येणारी चिठ्ठीही त्याच कागदाची असते आणि तितकीच टिकते. मी गावात गेले होते ते अॅपच्या पहिल्या पडद्यावरील बटणे कुठे असावीत हे पाहायला. परत येताना गाडीत मात्र डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: जो व्यवहार पूर्ण झालाच नाही, त्याचे माणसाच्या हातात आपण काय देतो?

आपल्यापैकी बहुतेकांना आता या व्यवहाराची सवय झाली आहे, त्यामुळे आतून काय घडते याकडे लक्ष जात नाही. अंगठा टेकवला की तो ठसा, आधार क्रमांक आणि रक्कम बँक मित्र ज्या बँकेशी जोडलेला असतो तिच्याकडे जाते, तिथून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या जाळ्यात, तिथून एकीकडे आधारची पडताळणी होते आणि दुसरीकडे बाईंच्या स्वतःच्या बँकेला विचारणा होते. ती बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि ‘दिले’ असे उत्तर त्याच वाटेने माघारी पाठवते. हे सगळे काही सेकंदांत घडते. परंतु उत्तर माघारी येताना वाटेतच कुठे खोळंबले, तर खात्यातून पैसे गेलेले असतात आणि टेबलावरच्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो. बँक मित्र गल्ल्यातून स्वतःची रोकड देत असतो आणि तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा झाल्याचे दिसल्याशिवाय तो ती देऊ शकत नाही. म्हणजे दोघेही खरे बोलत असतात. बाई म्हणतात पैसे गेले, तो म्हणतो मला मिळाले नाहीत, आणि रांगेतील बाकीची माणसे या दोघांपैकी खोटे कोण याचा अंदाज बांधत उभी असतात.

अशा वेळी काय व्हावे याचा नियम आहे, आणि तो चांगला आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. आधारवर आधारलेल्या व्यवहारात अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत जमा झाली पाहिजे. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर १ दिवसात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची. एवढ्यावर काम झाले नाही तर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे, तिच्याकडे तक्रार करायला एक पैसाही लागत नाही. हे सगळे मला पाठ आहे. केजच्या त्या खोलीत बसलेल्या एकालाही ते माहीत नव्हते, बँक मित्राला धरून.

त्याने मिनी स्टेटमेंट काढले, पण त्यात शेवटचे मोजकेच व्यवहार येतात. दिवाळीपर्यंत ते पोचत नाही. पासबुक ऊसतोडीला जाण्याच्या कितीतरी आधीपासून भरलेले नव्हते. शेवटी तो स्वतः बाईंना गाडीवर घेऊन शाखेत गेला आणि तिथून खात्याचा उतारा आणला. दोन हजार रुपये चौथ्या दिवशीच परत जमा झालेले होते. त्याच महिन्यात खात्यावर पडलेल्या दुसऱ्या पैशांबरोबर मुलाने एटीएमने तेही काढले होते, आणि रक्कम थोडी जास्त कशी याचा त्यालाही कधी प्रश्न पडला नव्हता. व्यवस्थेच्या दृष्टीने सगळे मुदतीत झाले होते. बाईंना हे समजावून सांगितले तेव्हा त्या बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आले म्हणता तर आले असतील. पण मग मला कुणी सांगितलं का नाही?’ संबंध हंगामभर, मोळ्या बांधताना, कोपीत भाकरी थापताना, त्या दोन हजार बुडाले असे धरून चालल्या होत्या. ज्या केंद्रचालकाने काही खाल्ले नव्हते, त्याच्याबद्दल टोळीत काय बोलले गेले असेल, याचीही कल्पना करता येते.

आमच्या क्षेत्रात कामाचा जीव सगळा यशस्वी व्यवहारात ओतलेला असतो. हिरवी खूण किती वेगाने उमटते, तिच्याबरोबर कोणता आवाज येतो, रक्कम किती मोठ्या अक्षरात दिसते, यावर आम्ही आठवडे घालवतो. रोज सकाळी कार्यालयातील पडद्यावर पहिला आकडा दिसतो तो यशाच्या टक्केवारीचा. जे फसले ते त्या आकड्यात उरलेल्या जागेसारखे असते. मी रुजू झाले तेव्हा बहुतेक अॅपमध्ये असते तशीच आमच्याकडेही सगळ्या अपयशांना एकच लाल फुली होती आणि तिच्याखाली एक संकेतांक. ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. ९१ म्हणजे समोरच्या बँकेची यंत्रणा उपलब्ध नाही. ६८ म्हणजे उत्तर वेळेत आले नाही. तंत्रज्ञांच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत; माणसाच्या दृष्टीने तर त्या तीन वेगळी आयुष्ये आहेत. पहिल्यात पैसे जागचे हललेले नाहीत, घरी जायला हरकत नाही. दुसऱ्यात थोड्या वेळाने पुन्हा यावे. तिसऱ्यात मात्र पैसे कुठे आहेत हे त्या घटकेला जगात कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, आणि नेमके तेव्हाच माणसाला हातात काहीतरी घट्ट धरायला हवे असते.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एका अडत दुकानावर मुनीम होते. शाळा सुटल्यावर मी कधी कधी तिथे जाऊन बसत असे. करडईचा तेलकट वास, कट्ट्यांवरून उडणारी तुरीची भुकटी, काट्यावर माल चढवताना हमालांनी दिलेले हाकारे, आणि गादीवर मांडी घालून बसलेले वडील. त्यांच्या पुढ्यात पट्टीपुस्तक असे. दोन कागदांमध्ये निळा कार्बन घालून, वरचे टोक बोटांनी ठाकठीक करून ते लिहायला लागत: गाव, नाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ. कार्बनचा निळा डाग त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कायम असायचा; रविवारीही तो पुरता जात नसे. ज्या शेतकऱ्याला लगेच रोख मिळायची त्याची पट्टी ते झरझर लिहीत. ज्याचे पैसे मालकाकडून त्या दिवशी मिळणार नसत, त्याच्या पट्टीला मात्र वेळ लागे. बाकी किती ती आकड्यात आणि अक्षरात, कोणत्या तारखेला मिळणार ती तारीख, आणि खाली सही. मग ती पट्टी ते मोठ्याने वाचून दाखवत, शेतकऱ्याला वाचता येत असले तरीही. एकदा मी विचारले होते की याला एवढा वेळ का लागतो. त्यांनी सांगितले, ज्याचे पैसे दिले त्याची पट्टी त्याने वाटेत फेकली तरी चालते. ज्याचे राहिले त्याला ती बायकोला दाखवायची असते.

डिझाइनची पुस्तके मी पुढे पुण्यात वाचली. त्यांत बरेच काही शिकण्यासारखे होते आणि त्याचा मला रोज उपयोग होतो. मात्र कागद कुणासाठी लिहायचा हे मी मोंढ्यात शिकले, आणि त्या कागदाचा खरा वाचक बहुधा टेबलापुढे नसतोच. तो घरी असतो, आणि ‘पैसे कुठे आहेत’ असे विचारणार असतो.

आमच्या भागात पैशाचे रूप बदलण्याला तसा जुना इतिहास आहे. आजीच्या लुगड्यांच्या पेटीत तळाला चारमिनारची छाप असलेली काही नाणी होती. ती हाली रुपयाची, निजामाच्या राज्यातील. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, पण हाली चलन एका दिवसात गेले नाही. पुढे काही वर्षे ते आणि कलदार, म्हणजे भारत सरकारचा, रुपया बरोबरीने चालत राहिले. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा हिशोब होता, आणि तो आजीला म्हातारपणीही तोंडी येत असे. तिला अक्षर वाचता येत नव्हते. पण दर कुणी, कुठल्या बाजारात, कुणासमोर समजावून सांगितला हे तिला आठवत होते. २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद मोठ्या बँकेत विलीन झाली, तरी आमच्याकडे कित्येक जण त्या शाखेला अजून ‘हैदराबाद बँक’च म्हणतात. नाव, नोटा, यंत्रे बदलतात ती माणसे स्वीकारतात. मराठवाड्यातील माणूस नव्या गोष्टीला घाबरतो असे मी कधीच पाहिलेले नाही. चहाच्या टपरीवरचा साउंडबॉक्स मराठीत बोलू लागला आणि कुणी वर मान करूनही पाहिले नाही. फक्त बदलाच्या त्या क्षणी समोर एक माणूस लागतो, जो नीट सांगेल की तुमचे इतके होते, त्यातले इतके इथे आहे.

म्हणून केजहून आल्यावर मी पुढच्या सहामाहीच्या आराखड्यात सगळ्यांत वर एकच काम लिहिले: अडकलेल्या व्यवहाराची जबाबदारी. त्यावरून आमच्याकडे बरीच घासाघीस झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पैसे काढण्याच्या व्यवहारात कमिशन अगदी थोडे असते, ते बँक, मधल्या कंपन्या आणि बँक मित्र यांच्यात वाटले जाते, आणि त्यावर कंपनी फार काळ उभी राहू शकत नाही हे कुणालाही कळते. गुंतवणूकदारांचा आग्रह कर्जाचा आहे. ज्याच्या अंगठ्याने दरमहा पैसे निघतात त्याला लहान कर्ज देऊ करावे, पडदा तोच, माणूस तोच. कर्ज वाईट असे मी मानत नाही. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गाव सोडणाऱ्या माणसाला त्याहून बरा पर्याय मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी डिजिटल कर्जात पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जाणे, वर्षाचा एकूण खर्च एका कागदावर लिहून देणे आणि ठरावीक दिवसांत कर्ज परत करून मोकळे होण्याची मुभा, या गोष्टी बंधनकारक केल्या. तो पाया चांगला आहे. तरी वर्षाला ३६ टक्के असे छापले तर आमच्याकडच्या बाईला ते कळत नाही, आणि शेकडा तीन म्हटले की त्या क्षणी हिशोब मांडता येतो; हे कामही अजून बाकी आहे. पण माझे म्हणणे क्रमाचे होते. ज्या बाईचे दोन हजार कुठे आहेत हे आपण तिला सांगू शकत नाही, तिला त्याच पडद्यावर दहा हजारांचे कर्ज देऊ करण्याचा आपल्याला अधिकार नाही. बैठकीत मी हे सांगितले तेव्हा कुणी वाद घातला नाही, पण पैशाचा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त होता.

मग काम सुरू झाले, आणि ते मला या क्षेत्रात आजवर केलेल्या कामांत सर्वांत समाधान देणारे वाटते. पहिला बदल असा की ६८ सारख्या स्थितीत लाल फुली येत नाही. पडद्यावर पिवळ्या पट्टीत मोठ्या अक्षरांत येते: ‘बँकेकडून उत्तर आलेले नाही. पैसे खात्यातून गेले असतील तर या तारखेपर्यंत परत जमा होतील’, आणि पुढे दिवस मोजायला न लावता थेट वार आणि तारीख. हे वाक्य ठरवताना एक गोष्ट सारखी दिसत होती. पडदा बँक मित्राच्या बाजूला असतो. ग्राहक बाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असते, आणि तो कपाळाला आठी घालतो तेव्हाच तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून पडद्यावरील मजकूर आम्ही त्याला मोठ्याने म्हणता येईल असा लिहिला. ‘व्यवहार विफल’ असे कुणी समोरच्या मावशीला म्हणत नाही. ‘मावशी, बँकेचं उत्तर आलं नाही, बुधवारपर्यंत वाट बघायची’ असे म्हणतो. त्याच्या तोंडी बसेल असे वाक्य मिळेपर्यंत आम्ही दुकानादुकानांत बसून ऐकत राहिलो.

दुसरी गोष्ट छापण्याची. दोन इंची स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. मराठी छापायचे तर मजकुराचे चित्र करून पाठवावे लागते, ते सावकाश छापले जाते आणि बॅटरी खाते. जोडाक्षरे तुटली तर ‘व्यवहार’मधले व आणि य सुटे होतात आणि शब्द ओळखू येत नाही. आमच्या अभियंत्यांनी या एका चिठ्ठीवर जितका वेळ घालवला तितका पहिल्या पडद्यावरही घालवला नसेल. आणि हे सगळे करूनही कागद तोच, उडून जाणारा. तेव्हा चिठ्ठीबरोबर जाड पुठ्ठ्याचे एक कार्ड द्यायचे ठरवले. त्यावर बँक मित्राने बॉलपेनने लिहायचे: तारीख, रक्कम, केंद्राचे नाव, आणि व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक. हाताने बारा अंक लिहिताना चूक होते, म्हणून चार-चारच्या तीन गटांत चौकटी आखल्या. ज्या बायकांना अक्षर ओळखता येत नाही त्यांतल्या बहुतेकींना नोटांमुळे, मोबाईलमुळे अंक ओळखता येतात, हे दुकानात बसल्यावर लगेच दिसते. एका आजींनी पडद्यावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक बोट ठेवून अंकाअंकाने जुळवला आणि नवव्या अंकाशी थांबून पोराला म्हणाल्या, ‘इथं एक हाय, तू सात केलास.’ त्याने खोडून नीट केले. त्या आजींनी मग कार्ड पदरात बांधले.

आवाजाचा प्रश्न अधिक कठीण निघाला. व्यवहार पार पडलेला असताना तो फसल्याचे सांगून पैसे ठेवून घेण्याचे प्रकार काही ठिकाणी होतात, ही गोष्ट लपलेली नाही. यंत्र स्वतः बोलले तर त्याला आळा बसतो, आणि साउंडबॉक्स जसा फक्त पैसे आल्याचे सांगतो तसे न करता आमच्या यंत्राने न झालेल्या व्यवहाराचेही सांगावे, असे मला वाटत होते. परंतु गावातील दुकानात रक्कम मोठ्याने बोलली गेली तर ती रांगेत उभ्या असलेल्या जावेला ऐकू जाते, बाहेर मोटारसायकलवर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाते. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये पडू लागल्यापासून कित्येक बायका दुपारी, शाळेच्या वेळेत, घरातील पुरुष नसताना येतात; त्यांना आपल्या पैशांचा आवाज नको असतो. तेव्हा यंत्र आता रक्कम सांगत नाही. व्यवहार पूर्ण झाला, झाला नाही, किंवा उत्तर यायचे आहे, या तीनपैकी एकच वाक्य बोलते. ही तडजोड आहे. काही बायकांनी ती रक्कमही ऐकवा असे सांगितले, काहींनी आवाजच बंद ठेवा असे सांगितले, आणि दोघींचेही कारण खरे होते.

बँक मित्रांची बाजूही मला कधी हलकी वाटली नाही. हप्ता पडतो त्या दिवशी दुकानापुढे सकाळपासून रांग लागते, निम्मी माणसे नुसते ‘पैसे पडले का’ एवढेच पाहायला आलेली असतात, नेमकी त्याच दिवशी बँकांच्या यंत्रणांवर ताण येऊन उत्तरे खोळंबतात, आणि अशा गर्दीत आम्ही त्याला कार्ड भरायला लावतो. काहींना आणखी एक भीती वाटली की न झालेल्या व्यवहाराचा कागद स्वतःच्या सहीने दिला, तर उद्या तोच आपल्याविरुद्ध पुरावा होईल. या भीतीवर समजूत घालून उपयोग नव्हता. म्हणून त्याच्या अॅपमध्ये उघड्या, म्हणजे निकाल न लागलेल्या, व्यवहारांची यादी आली. त्यात आधारचे शेवटचे चार अंक, रक्कम आणि मुदतीची तारीख असते. पैसे परत जमा झाले की ती ओळ हिरवी होते, आणि ती बाई पुढच्या वेळी कुठल्याही कामासाठी अंगठा लावेल तेव्हा नवा व्यवहार सुरू होण्याआधी पडद्यावर येते: मागचे अमुक रुपये अमुक तारखेला परत जमा झाले. मोबाईलवर संदेश जातो, पण खात्याला जोडलेला क्रमांक पुष्कळदा पुण्यात किंवा चाकणला काम करणाऱ्या मुलाचा असतो. परतीच्या पैशांची बातमी ज्याचे पैसे आहेत त्याच्या कानावर पडली की नाही, हे आता आम्ही मोजतो. सकाळच्या पडद्यावर यशाच्या टक्केवारीशेजारी दुसरा आकडा आहे: ज्यांना अजून सांगितलेले नाही अशी माणसे. तो शून्य झालेला मी अजून पाहिलेला नाही.

सध्या आमची सगळी धावपळ दसऱ्याच्या आत कार्डे पोचवण्याची आहे. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून टोळ्या निघायला लागल्या की गावेच्या गावे रिकामी होतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ती माणसे सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातील कारखान्यांवर असतात. तिथे त्यांचा अंगठा दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर लागणार. त्या यंत्रात आमची यादी नाही, पिवळी पट्टी नाही, आणि तिथला व्यवहार अडकला तर आमच्या पडद्यावर तो कधीच दिसणार नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला म्हणून दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत, दुसऱ्या केंद्रावरच्या क्रमांकासाठी. वर छापले आहे: ‘पैसे हातात आले नाहीत तर इथे क्रमांक लिहून घ्यावा.’ मराठीत आणि कन्नडमध्येही. परका केंद्रचालक आमच्या कार्डावर लिहील का, हे सांगता येत नाही. आमच्या कंपनीतील दोन मुली ऑक्टोबरमध्ये कारखान्यांच्या आसपासच्या केंद्रांवर जाऊन चालकांना विचारणार आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीला कन्नड येते.